कंपास म्हणजे नेमका कुठला?

शाळेत ‘कंपास विसरलो’ म्हणायचो तेव्हा अख्खी पेटी घरी राहिलेली असायची. त्या पेटीत पट्टी, कोनमापक, गुण्या, बाकावर नाव कोरायला उपयोगी पडणारं कर्कटक आणि वर्तुळ काढायचा, पेन्सिल अडकवायचा कंपास. म्हणजे कंपासमध्ये कंपास. पण दिशा दाखवणारी सुई हवी असेल तर मराठीत तिच्यासाठी स्वतंत्र शब्द आहे : होकायंत्र. फोनमधल्या अ‍ॅपमुळे हल्ली आपण त्यालाही कंपास म्हणायला लागलोय, तो भाग वेगळा.

फ्रेंच आणि जर्मन भाषांतही या दोन वस्तूंना दोन वेगळी नावं आहेत. इंग्रजीत मात्र दोन्ही ‘कंपास’च. फरक एवढाच की वर्तुळाच्या कंपासला जुन्या वळणाने अनेकवचन लावतात, कात्रीला लावतात तसं. ‘कम्पासेस’. शेवटच्या त्या एका ‘स’वरून फिलिप पुलमनच्या कादंबरीचं नाव बदललं, आणि माझं म्हणणं असं की नावाबरोबर तिचा अर्थही सरकला.

आधी घडलं काय ते सांगतो. पुलमन आपली तीन भागांची कादंबरी लिहीत होता तेव्हा संपूर्ण मालिकेसाठी त्याच्या डोक्यात ‘द गोल्डन कम्पासेस’ हे नाव होतं. ते आलं मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’मधून. त्या महाकाव्याच्या सातव्या सर्गात ईश्वराचा पुत्र सोन्याचा कंपास हातात घेतो, एक पाय मध्यभागी रोवतो, दुसरा फिरवतो आणि अथांग अंधारात विश्वाची हद्द आखतो. म्हणजे हा वर्तुळाचा कंपास. अमेरिकेतल्या प्रकाशकांना वाटलं, हे पहिल्या भागाचं नाव आहे आणि ते नायिकेच्या हातातल्या सोनेरी यंत्राबद्दल आहे. ‘स’ गळला. दरम्यान पुलमनने मालिकेचं नाव ‘हिज डार्क मटेरियल्स’ ठरवलं, तेही मिल्टनकडूनच घेतलेलं. १९९५ साली इंग्लंडमध्ये पहिला भाग ‘नॉर्दर्न लाइट्स’ नावाने आला. अमेरिकी प्रकाशक मात्र आपल्या नावाच्या प्रेमात पडले होते, त्यामुळे १९९६ साली तिकडे तोच भाग ‘द गोल्डन कंपास’ झाला. २००७च्या सिनेमाने हेच नाव घेतलं आणि जगभर तेच पसरलं.

आम्हा कोड लिहिणाऱ्यांना एकाच नावाच्या दोन गोष्टींची धास्ती असते. प्रोग्राम बंद पडला तर निदान कळतं तरी. तो चालू राहतो आणि गुपचूप दुसरीच वस्तू उचलतो, ते जास्त वाईट. या नावाचं तसंच झालं. पुस्तक खपलं, आवडलं, कुणाचं काही अडलं नाही. फक्त वाचकाच्या मनात दुसरं यंत्र गेलं.

आणि ही दोन यंत्रं स्वभावाने उलटी आहेत. वर्तुळाचा कंपास टोक रुतवल्याशिवाय चालत नाही. मध्य कुठे असणार हे धरणारा हात ठरवतो, मग आतलं किती आणि बाहेरचं किती हेही तोच ठरवतो. होकायंत्राला स्वतःचा मध्य नसतो. ते कुठेही न्या, त्याची सुई बाहेरच्या कशाच्या तरी अधीन असते. एक हद्द घालतं, दुसरं हद्दीपलीकडच्या प्रवासाला उपयोगी पडतं.

पुलमनची सगळी मालिका हद्द घालणाऱ्या हाताविरुद्ध आहे. त्याच्या जगात ईश्वराच्या जागी बसलेला ‘ऑथॉरिटी’ हा मुळात निर्माता नाहीच. तो पहिला देवदूत. ‘हे सगळं मीच निर्माण केलं’ असं त्याने नंतर आलेल्यांना सांगितलं आणि त्यांनी ते मानलं. म्हणजे मिल्टनच्या कवितेतलं ते भव्य वर्तुळ इथे एक थाप ठरतं. दुसऱ्या भागात तर एका जगातून दुसऱ्या जगात खिडकी कापणारी सुरीच येते. ‘गोल्डन कम्पासेस’ हे नाव टिकलं असतं तर ते प्रतिस्पर्ध्याच्या हत्याराचं नाव ठरलं असतं. ‘गोल्डन कंपास’ झाल्यावर ते नायिकेच्या खिशातल्या मदतनीसाचं नाव झालं.

आता त्या मदतनीसाकडे बघू. लायराकडच्या यंत्राचं नाव अलेथिओमीटर, सत्यमापक. ते दिसायला घड्याळासारखं किंवा होकायंत्रासारखं आहे असं कादंबरीतच म्हटलंय, त्यामुळे प्रकाशकांची चूक अगदीच बिनबुडाची नव्हती. पण ते दिशा दाखवत नाही. तबकडीभोवती ३६ चित्रं आहेत. तीन काटे आपण फिरवून प्रश्न मांडायचा, चौथी बारीक सुई स्वतः फिरून उत्तर देते. प्रत्येक चित्राला अर्थांचे थरावर थर. म्हणजे उत्तर मिळालं की काम संपत नाही, सुरू होतं.

(इथून पुढे शेवट फुटणार आहे. पुस्तक वाचायचं असेल तर थांबा.)

लायराला वाटत असतं की आपल्याला हे यंत्र उत्तरेला बापाकडे, लॉर्ड अ‍ॅस्रिएलकडे पोचवायचंय. बर्फ, अस्वलं, लढाया पार करून ती पोचते. त्याला यंत्राची गरजच नसते. त्याला हवं असतं एक मूल. आणि लायराने सोबत आणलेला असतो आपला जिवलग मित्र रॉजर. अ‍ॅस्रिएल त्याचा जीव घेऊन दुसऱ्या जगाकडे जाणारी वाट उघडतो. यंत्र खोटं बोललेलं नसतं. लायरा उत्तर दिशेला अगदी अचूक गेलेली असते, फक्त आपण काय घेऊन चाललोय हे तिला कळलेलं नसतं. ‘होकायंत्र हातात आहे म्हणजे आपण बरोबर चाललोय’ या समजुतीवर इतका कठोर शेवट मी दुसरा वाचलेला नाही.

आणि सिनेमाने नेमका हाच शेवट गाळला. शेवटची प्रकरणं पुढच्या भागासाठी राखून ठेवली आणि पुढचा भाग कधी निघालाच नाही. पडद्यावर लायरा आणि रॉजर आशेने उडत निघतात आणि दिवे लागतात. चर्चवरची टीकाही सौम्य केलेली होती. सिनेमा पडला त्याची कारणं बरीच असतील, पण एक गोष्ट मला स्पष्ट दिसते : चुकून पडलेलं नाव या सिनेमाने खरं करून दाखवलं. सोन्याचं यंत्र, ते वाट दाखवतं, मुलगी जाते, छान. २०१९ साली आलेल्या मालिकेने ‘हिज डार्क मटेरियल्स’ हे नाव घेतलं आणि रॉजरचा मृत्यूही ठेवला.

कुणी म्हणेल, नावात एवढं काय? ‘गोल्डन कंपास’ कानाला गोड आहे, आणि ‘नॉर्दर्न लाइट्स’ऐवजी याच नावाने कितीतरी मुलांनी हे पुस्तक उचललं. मीही त्यांतलाच. म्हणूनच तक्रार आहे. मी ते दिशेचं पुस्तक म्हणून वाचलं आणि शेवटाला लेखकानेच दगा दिला असं वाटून चिडलो. दुसऱ्या वाचनात कळलं की दगा मुखपृष्ठाने दिला होता.

मालिकेच्या अगदी शेवटी, तिसऱ्या भागात, लायराची यंत्र वाचायची उपजत शक्ती जाते. ती परत मिळेल, पण अभ्यासाने, आणि त्याला आयुष्य लागेल, असं तिला सांगितलं जातं. ती शाळेत जायला तयार होते. यंत्र तेच, सुई तीच, चित्रं तीच. आता तिला पुस्तकं उघडून एकेक चित्राचा अर्थ लावत बसायचंय. पुलमनने तिच्या हातात दिलेला कंपास, माझ्या मते, हा आहे. तो ना वर्तुळ काढतो, ना उत्तर दाखवतो. तो वाचायला शिकावा लागतो.