‘पॅराडाइज नाऊ’ : चित्रण आणि प्रतिनिधित्व

हनी अबू-असद यांच्या ‘पॅराडाइज नाऊ’ (२००५) या चित्रपटाला २००६ साली परभाषिक चित्रपटांच्या विभागात ऑस्करचे नामांकन मिळाले, तेव्हा तो कोणत्या देशाचा म्हणावा यावरच वाद झाला. आरंभी ‘पॅलेस्टाइन’चा म्हणून नोंदलेला हा चित्रपट सोहळ्यात ‘पॅलेस्टिनी प्रदेशां’चा ठरला. ज्या समाजाचे नावच वादग्रस्त, त्याच्या चित्रपटाने साऱ्या समाजाची बाजू मांडावी, अशी अपेक्षा साहजिकच निर्माण होते. मराठीत ‘चित्रण’ आणि ‘प्रतिनिधित्व’ हे दोन स्वतंत्र शब्द आहेत, ही येथे मोठीच सोय आहे. प्रस्तुत चित्रपट चित्रणात जितका समर्थ आहे, तितका प्रतिनिधित्वात नाही.

वेस्ट बँकमधील नाब्लुस शहरात गॅरेजमध्ये काम करणारे सईद आणि खालिद हे दोन मित्र तेल अवीवमधील आत्मघातकी हल्ल्यासाठी निवडले जातात. हल्ल्यापूर्वी त्यांचे अखेरचे निवेदन चित्रित केले जाते. खालिद हाती बंदूक घेऊन आवेशाने निवेदन वाचतो आणि वाचून झाल्यावर कळते की कॅमेरा चाललाच नाही! ते पुन्हा वाचावे लागते. समोर संघटनेची माणसे निवांत खात उभी असतात. मग निवेदनाच्या मध्येच तो आईला सांगतो, की पाण्याचे फिल्टर अमुक दुकानात स्वस्त मिळतात. ठरीव निवेदन हे समाजाच्या प्रतिनिधीचे आहे. फिल्टरची गोष्ट मात्र घरातल्या मुलाची आहे. या प्रसंगात विनोद आहे, पण उपहास नाही. हौतात्म्याचा साचा माणसाला पुरेसा पडत नाही, हे दिग्दर्शक एकही भाष्य न करता दाखवतो.

समाजातील वैविध्य म्हणजे धर्म, पंथ वा वेशभूषा यांची नोंद नव्हे. येथील खरी दरी प्रतिष्ठा आणि कलंक यांमधील आहे. सईदच्या वडिलांना इस्रायलचे खबरे म्हणून ठार मारण्यात आले होते. निर्वासितांच्या छावणीत वाढलेल्या या मुलाचा राग सत्तेवर आहे, तसाच त्या सत्तेने दुबळ्या माणसाला खबऱ्या बनवले यावरही आहे. शहरातील व्हिडिओच्या दुकानात हुतात्म्यांच्या निवेदनांबरोबर खबऱ्यांचे कबुलीजबाबही भाड्याने मिळतात. एकाच फळीवर ठेवलेल्या या दोन प्रकारच्या फितींत व्याप्त समाजाचे आतले चित्र आहे, आणि ते बाहेरच्या प्रेक्षकाला सुखावणारे नाही.

सुहाच्या बाबतीत हे साधलेले नाही. परदेशात वाढलेली, मान्यवर हुतात्म्याची ही कन्या अहिंसेची बाजू मांडते. बेल्जियन अभिनेत्री लुब्ना अझाबाल हिने भूमिका संयमाने केली आहे. तरीही मोटारीतील वादात ती व्यक्ती न राहता भूमिकापत्र वाचणारी प्रवक्ता होते. तिच्यातील आणि सईदमधील वर्गीय अंतर मात्र एका साध्या संभाषणात नेमके उमटते. चित्रपटगृहात कधी गेला होतास, या प्रश्नावर सईद सांगतो की एकदाच, ते जाळले तेव्हा. तिला याचे कारण हवे असते. त्याच्याकडे उत्तर म्हणून फक्त एक उलटा प्रश्न असतो. सुहाचा युक्तिवाद खालिदला पटतो, सईदला पटत नाही, यात मात्र दिग्दर्शकाची समज दिसते : युक्तिवादाने मत बदलते, कलंक पुसला जात नाही.

चित्रीकरणाचा काही भाग नाब्लुसमध्ये झाला आणि परिस्थिती बिघडल्यावर उरलेला नाझरेथमध्ये करावा लागला. नाझरेथ हे दिग्दर्शकाचे जन्मगाव, पण इस्रायलच्या हद्दीतले. एका पॅलेस्टिनी शहराचे काम दुसऱ्याने करावे, हाही प्रतिनिधित्वाचाच प्रकार म्हणावा लागेल.

गंभीर आक्षेप शेवटाविषयी आहे. आधीच्या प्रसंगात बसमध्ये लहान मूल दिसताच सईद मागे फिरतो. अखेरच्या बसमध्ये मात्र बहुतांशी सैनिक आहेत. कॅमेरा सईदच्या डोळ्यांवर स्थिरावतो आणि पडदा पांढरा होतो. स्फोट न दाखवण्याचा संयम निःसंशय मोठा आहे. परंतु बसमधील प्रवासी बदलून दिग्दर्शकाने प्रेक्षकासमोरचा प्रश्न स्वतःच सोपा केला आहे. त्या मुलाला पुन्हा बसमध्ये बसवण्याचे धैर्य त्याला झाले नाही.