कल्पितसृष्टीतील पूर्वापरविरोध

अद्भुतकथेत काहीही घडू शकते, तेव्हा तिच्यात विसंगती शोधणे व्यर्थ होय, असा एक समज रूढ आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. वास्तववादी कादंबरीत दोन गावांतील अंतर चुकले, तर वाचक ती चूक मनातल्या मनात सुधारून पुढे जातो. त्या गावांचे अस्तित्व कादंबरीवर अवलंबून नसते. कल्पितसृष्टीला मात्र ग्रंथाबाहेर आधारच नाही. जे. आर. आर. टॉल्किन यांनी परीकथांवरील आपल्या निबंधात (व्याख्यान १९३९, प्रकाशन १९४७) हीच कसोटी मांडली आहे: दुय्यम सृष्टी तिच्या स्वतःच्या नियमांनी सुसंगत असावी, अविश्वास जागा झाला की मोहिनी उतरते. या कसोटीवर त्यांच्याच कथांतील लहानसहान विसंगती तपासणे म्हणूनच अप्रस्तुत ठरत नाही.

पहिला प्रकार केवळ तपशिलाचा. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) मध्ये एल्फ घोड्यावर खोगीर-लगामाविना बसतात. लेगोलस तर दिलेल्या घोड्याचे खोगीर व लगाम काढून टाकावयास सांगतो. तथापि ग्लॉरफिंडेल या एल्फच्या घोड्याला पहिल्या आवृत्तीत लगाम होता. १९५८ साली एका वाचकाने पत्राने विचारणा केली, आणि १९६५-६६च्या दुसऱ्या आवृत्तीत लगामाच्या जागी नुसता शिरपट्टा आला. तरीही त्याच प्रसंगात रिकिबी आखूड करण्याची गोष्ट ग्लॉरफिंडेलच्या तोंडी राहिलीच. अशा दुरुस्तीने ग्रंथ नेटका होतो. अर्थात भर पडत नाही.

दुसरा प्रकार स्वराचा. ‘द हॉबिट’ (१९३७) मध्ये प्रवासी पावसाळी संध्याकाळी नदीकाठी थांबतात आणि त्याच रात्री त्यांना जवळच राक्षसांची शेकोटी दिसते. उत्तरग्रंथात त्याच नदीवरील पूल ओलांडल्यापासून राक्षसांच्या शिळांपर्यंत पोहोचण्यास कित्येक दिवस लागतात. हा व असे इतर विरोध मिटविण्यासाठी टॉल्किन यांनी १९६० साली ‘द हॉबिट’ उत्तरग्रंथाच्या गंभीर शैलीत नव्याने लिहावयास घेतले, परंतु आरंभीच्या काही प्रकरणांनंतर ते सोडून दिले. हा मसुदा २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुसंगती साधत जाते. बालकथेचा खेळकरपणा मात्र मावळतो. नकाशा सुधारण्यासाठी इतकी किंमत देणे उचित नव्हते, हे लेखकाने ओळखले असावे.

तिसरा प्रकार सर्वांत महत्त्वाचा. १९३७च्या आवृत्तीत कोड्यांची पैज हरलेला गॉलम बिल्बोला कबूल केलेली भेट म्हणून अंगठी द्यावयास निघतो. ती सापडत नाही म्हणून क्षमा मागतो आणि वाट दाखवून सलोख्याने निरोप घेतो. पुढे अंगठी ही धारकाला ग्रासणारी दुष्ट शक्ती ठरली, तेव्हा हा सौजन्यशील गॉलम अशक्य झाला. टॉल्किन यांनी १९४७ मध्ये प्रकाशकाकडे प्रकरणाचा नवा नमुना पाठविला. तो १९५१च्या आवृत्तीत समाविष्ट झाला. तेथे गॉलम खुनाच्या इराद्याने अंगठी शोधतो आणि तिच्या चोराला शिव्याशाप देतो.

मग जुन्या पाठाचे काय करावयाचे? टॉल्किन यांनी तो नाहीसा केला नाही. उत्तरग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी तो बिल्बोच्या नावावर टाकला: बिल्बोने आपल्या सोबत्यांना ही खोटी हकिकत सांगितली आणि आठवणींतही तीच लिहून ठेवली.

हा मागाहून सुचलेला बहाणा आहे, असा आक्षेप येथे घेता येईल. मागाहून सुचला हे खरे. परंतु बहाण्याने प्रश्न मिटतो, येथे तो सुरू होतो. सरळमार्गी बिल्बोला खोटे का बोलावेसे वाटले? गॉलमने मित्राचा खून करून अंगठी घेतली आणि तिला वाढदिवसाची भेट म्हटले. बिल्बोनेही तिला पैजेत जिंकलेली भेट म्हटले. बळकावलेली वस्तू आपल्या हक्काची भासविणे, हा अंगठीचा पहिला परिणाम होय. गँडाल्फच्या मनात संशय उत्पन्न होतो तोही या असत्यामुळेच. दोन आवृत्त्यांतील तफावत अशा रीतीने पात्राच्या शीलातील तडा बनते, आणि एका सद्गृहस्थाचे अधःपतन नेमके कोठून सुरू होते हे वाचकाला दिसते.

मीमांसक विरोधी भासणाऱ्या वाक्यांची एकवाक्यता साधतात, पण वाक्य बदलण्याचा अधिकार त्यांना नाही. लेखकाला तो असतो, म्हणून त्याची कसोटी अधिक कठोर आहे. समन्वय साधला एवढे पुरेसे नाही; त्या समन्वयाने कथेतील कोणावर तरी नैतिक भार पडला काय, हे पाहिले पाहिजे. लगामाच्या दुरुस्तीने तो कोणावरच पडत नाही. बिल्बोवर मात्र पडतो. काही विरोध तर तसेच राहू द्यावेत. टॉम बॉम्बॅडिल स्वतःला सर्वांत प्राचीन म्हणवितो, आणि गँडाल्फ तोच मान ट्रीबिअर्डला देतो. या दोन विधानांवाचून कथेत काही अडत नाही, आणि त्यांचा निवाडा करून कोणाचे शीलही उजळत वा मलिन होत नाही. पूर्वापरविरोधांची नुसती यादी करणाऱ्या अभ्यासकाने हा भेद प्रथम करावा; अन्यथा रिकिबी आणि असत्य एकाच रकान्यात पडतात.