पवळेचा गळा आणि आपला जलसा

हिवरगाव पावसा (ता. संगमनेर, जि. अहिल्यानगर, पूर्वीचे अहमदनगर) येथील महार कलावंतीण पवळा हिने तमाशाचा बोर्ड गाजवला. लावण्या पठ्ठे बापूरावांच्या, गळा पवळेचा. पण आख्यायिकेत ती 'बापूरावांची पवळा' एवढीच उरली.

१९३० च्या दशकात भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने तमाशाचा साचा घेतला आणि शृंगार हद्दपार केला. हा नकार योग्यच होता. जातीने लादलेले नाचणे हे शोषणच होते. परंतु शृंगाराबरोबर बाईही बोर्डावरून उतरली. तिची भूमिका पुरुष करू लागले. शोषण नाकारताना शोषितेचा आवाजही नाकारला गेला.

पवळा १९३९ साली वारली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या एका करमणुकीच्या क्लबात बिली हॉलिडे ही काळी गायिका, झुंडीने मारून झाडाला टांगलेल्या काळ्या माणसांचे गाणे गायिली. रंजनाच्या जागेवरून तिने आरोप केला. पवळेच्या वारसदारणींना ती जागा ना तमाशाने दिली, ना जलशाने. आज कडूबाई खरात एकतारीवर बाबासाहेब गातात, तेव्हा ही उणीव अधिकच जाणवते. जलशाचा इतिहास पवळेला वगळून लिहिला, तर तो अर्धाच राहील.