लिहिण्याआधी वाचायला शिकवणारा प्राध्यापक

(खोपट, ठाणे येथील व्याख्यानातील काही भागाचं शब्दांकन)

प्राध्यापकाचं काम आपण शोधनिबंधांवरून मोजतो. पवईच्या आयआयटीतले प्रा. उदय खेडकर त्या मोजमापात कमी पडत नाहीत. त्यांचे मार्गदर्शक प्रा. धनंजय ढमढेरे यांच्यासोबत त्यांनी १९९४ मध्ये डेटा फ्लो अ‍ॅनालिसिसचा व्यापक सिद्धांत मांडला. २००९ मध्ये अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्यासह याच विषयावर ग्रंथ लिहिला. पण मला त्यांचं मोठं काम वाटतं ते जीसीसीच्या कार्यशाळांचं.

जीसीसी हा १९८७ पासून वाढत गेलेला, लाखो ओळींचा कंपायलर. तो पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला तर माणूस बुडालाच! खेडकरांची युक्ती अशी: चार-पाच ओळींचा सी प्रोग्राम घ्या. कंपायलरला सांगा, प्रत्येक टप्प्यानंतर तुझ्या पोटात काय आहे ते फाइलमध्ये लिही. आधी 'गिंपल' रूप दिसतं, मग 'आरटीएल', शेवटी असेंब्ली. लागोपाठच्या दोन फाइली शेजारी ठेवा, काय बदललं ते शोधा आणि मग फक्त त्या टप्प्याचा कोड उघडा. याला ते 'ग्रे बॉक्स प्रोबिंग' म्हणतात. पेटी पूर्ण बंदही नाही, पूर्ण उघडीही नाही.

हे महत्त्वाचं का? आपल्याकडे शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट कोऱ्या पाटीवर सुरू होतो. तीच मुलं ठाण्याहून ऐरोलीला नोकरीला गेली की हातात पडतो जुना कोड, आणि लिहिणारे केव्हाच सोडून गेलेले असतात. तिथे लिहिण्याआधी वाचावं लागतं. ते शिकवलंय कोणी?

आता दोन तक्रारी. एक, या पद्धतीतून काय बदललं ते कळतं. तसं का रचलं ते कळत नाही. त्यासाठी जुनी चर्चा, बदलांचा इतिहास वाचावा लागतो. दुसरी तक्रार मोठी. ही पद्धत कंपायलरवाल्यांची म्हणूनच ओळखली जाते. खरं तर तिची जागा सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या प्रॅक्टिकलमध्ये आहे. पण तिथे आजही आकृत्या काढून जर्नल भरलं की सह्या मिळतात. हा दोष खेडकरांचा नाही, आपल्या अभ्यास मंडळांचा आहे.

त्यासाठी जीसीसीच हवा असंही नाही. कुठलाही चालता मुक्त प्रोग्राम घ्या, मुलांकडून त्यातली एक चूक शोधून घ्या, दुरुस्त करून घ्या. एका सत्रात एवढं झालं तरी पुष्कळ.