संचिका-स्थलांतराचा वेग : जागावाटपाच्या अंगाने एक चिकित्सा

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे आधार योजनेचा प्रारंभ झाला. दुर्गम भागातील संगणकीकरणाच्या चर्चेत संथपणाचे खापर बहुधा जोडणीवर फोडले जाते. हे विवेचन एकांगी होय. मेनफ्रेमचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. आयबीएम ३३९० डिस्कच्या एका ट्रॅकवर कमाल २७,९९८ बाइटचे दोन ब्लॉक मावतात. ८० बाइटच्या नोंदी २७,९२० बाइटच्या ब्लॉकमध्ये बांधल्यास ट्रॅकवर ६९८ नोंदी बसतात. प्रत्येक नोंदीचा स्वतंत्र ब्लॉक केल्यास बहुतांश जागा ब्लॉकांमधील अंतरातच वाया जाते व लेखन मंदावते. प्राथमिक जागा अपुरी मागितल्यास मोठी संचिका अर्ध्यावरच अडू शकते. अशा वेळी वाहिनीची क्षमता वाढविणे हा निष्फळ खर्च ठरतो. म्हणून अल्प निधीच्या संस्थांनी प्रथम साठवणुकीची मांडणी तपासावी. जोडणीला दोष त्यानंतरच द्यावा.