मुंबईची लघुनियतकालिके आणि निवेदकाची भाषा

मुंबईतील लघुनियतकालिकांचा विचार आपल्याकडे बहुधा बंडखोरीच्या अंगाने होतो. १९६९ साली झालेली ‘सत्यकथे’ची होळी, प्रस्थापित संपादकांवरील टीका आणि अश्लीलतेचे वाद यांतच चर्चा संपते. परंतु बंडाचा आवेश ओसरतो. भाषेत झालेला पालट मात्र मागे उरतो. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली, त्यालाही आता चार दशके लोटली. या नियतकालिकांचे खरे श्रेय भाषेच्या अंगाने तपासावे, असा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

प्रथम नावेच पाहू. ‘विविधज्ञानविस्तार’, ‘नवभारत’, ‘सत्यकथा’ ही जुन्या नियतकालिकांची नावे म्हणजे संस्कृत वळणाचे समास होत. त्यांच्या शेजारी ‘असो’ आणि ‘फक्त’ ही नावे ठेवून पाहावीत. पहिले क्रियापद, दुसरे अरबीतून आलेले अव्यय. मुंबईबाहेरचे ‘वाचा’ तर नामही आहे आणि आज्ञार्थी क्रियापदही. ‘अथर्व’सारखे अपवाद आहेत, हे खरे, तथापि नामाची प्रतिष्ठा सोडून बोलण्यातील तुटक शब्द मुखपृष्ठावर आणण्याची वृत्ती येथे स्पष्ट दिसते.

या वृत्तीचे महत्त्व कळण्यास तत्कालीन प्रमाणभाषेची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. १९६२ साली महाराष्ट्र शासनाने शुद्धलेखनाचे नियम मान्य केले. १९७२ साली त्यांत भर पडून ते अठरा झाले. या नियमावलीने ‘असं’, ‘केलं’ ही रूपे पात्रांच्या तोंडी घालावयाच्या वाक्यांत चालवून घेतली, परंतु औपचारिक लेखनात ‘असे’, ‘केले’ हीच रूपे ग्राह्य धरली. नियमाचे हे बोल लिपीपुरते असले, तरी त्यामागील विभागणी वाङ्मयातही रूढ होती. बोलीने पात्राच्या तोंडी राहावे. निवेदकाने मात्र प्रमाणभाषेतच बोलावे! बोली बोलणारा मनुष्य साहित्यात येऊ शकत होता, पण बहुधा दुसऱ्याच्या कथनातील पात्र म्हणून.

ही विभागणी मुंबईच्या या लेखकांनी मोडली. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यास निघालेले ‘शब्द’ सायक्लोस्टाइल यंत्रावर निघत असे. या साधनाचा परिणाम केवळ खर्चापुरता नव्हता. लिहिणारा, निवडणारा आणि छापणारा एकाच मित्रमंडळातील असल्यामुळे लेखन आणि वाचक यांच्यामध्ये भाषा ‘सुधारणारा’ कोणी उरला नाही. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, अशोक शहाणे, राजा ढाले, तुळसी परब, सतीश काळसेकर, नामदेव ढसाळ यांच्या प्रकृती परस्परांहून अगदी भिन्न. परंतु हे स्वातंत्र्य त्या सर्वांना लाभले.

त्याची दोन उत्तम फळे ग्रंथरूपाने आपल्यापुढे आहेत. ढसाळांच्या ‘गोलपिठा’त (१९७२) कामाठीपुऱ्याच्या वस्तीतील शब्द आणि तत्सम शब्द एकाच कवितेत शेजारी नांदतात. विजय तेंडुलकरांनी या संग्रहाला प्रस्तावना लिहून पांढरपेशा वाचकाला त्या जगाच्या सीमेपर्यंत नेले. परंतु कवितेतील ‘मी’ला अशा वाटाड्याची गरज नाही. वस्तीची भाषा तेथे कोणी दुसरा वर्णीत नाही. तीच वर्णन करते. दुसरा ग्रंथ ‘अरुण कोलटकरच्या कविता’ (१९७७). त्यातील काही कविता मराठी संग्रहात असूनही मुंबईच्या हिंदीत आहेत. शीर्षकही न्याहाळावे: ‘कोलटकरांच्या’ नव्हे, ‘कोलटकरच्या’. आदरार्थी बहुवचनाचा काना आणि अनुस्वार गळाला आणि कवी व वाचक एका पातळीवर आले. शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने हे शीर्षक जसेच्या तसे छापले, हेही नोंदविले पाहिजे.

हे श्रेय देताना मर्यादाही सांगितली पाहिजे. निवेदकाचे आसन बोलीला मिळाले, पण त्यावर बसले ते बहुतेक पुरुषच. रस्ता, गुत्ता आणि चहाचे हॉटेल येथील भाषा छापली गेली. चाळीतल्या स्वयंपाकघरातील भाषा त्या मानाने फारच थोडी. मलिका अमरशेख यांच्या आत्मकथनाचे नाव ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ (१९८४) असे आहे. नियमांनी पात्रांसाठी राखलेले रूप येथे एका स्त्रीने स्वतःच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर प्रथमपुरुषी लिहिले. चळवळीने सुरू केलेले आणि अपुरे ठेविलेले कार्य येथे पुढे गेले, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता प्रश्न अभ्यासकांच्या कर्तव्याचा आहे. अशा अंकांचा कागद टिकाऊ नसतो आणि प्रतीही मुळात थोड्याच निघत. त्यांतील लेखनाचे पुनर्मुद्रण करताना ऱ्हस्वदीर्घ, अनुस्वार व शब्दरूपे ‘शुद्ध’ करून घेण्याचा मोह संपादकास होतो. तो कटाक्षाने टाळावा. ज्या सुधारणेपासून हे लेखन एकदा सुटले, तीच आपण आस्थेपोटी त्यावर लादली, तर पुढील वाचकाच्या हाती कविता येईल, पण भाषेचा पुरावा नाहीसा झालेला असेल. तेव्हा मूळ अंकाशी अक्षरशः ताडून केलेली संहिता हीच या चळवळीच्या अभ्यासाची पहिली पायरी होय.