नंबरी गाणी
१९६८ साली बीटल्सच्या ‘व्हाइट अल्बम’चं कव्हर रिचर्ड हॅमिल्टन या चित्रकाराने पांढरंफटक ठेवलं आणि वर नंबर टाकायची टूम काढली. लाखांनी खपणाऱ्या मालाला मर्यादित आवृत्तीचा थाट! फक्कड थट्टा होती. पण थट्टा कळली तर तो संग्राहक कसला? अमेरिकेची प्रत निराळी, इंग्लंडची निराळी. त्यातही वरून उघडणाऱ्या कव्हरचं सोवळं अधिक कडक. रिंगो स्टारची ०००००० १ नंबरची प्रत २०१५ साली लिलावात ७,९०,००० डॉलर्सना गेली. इतकी वर्षं ती बँकेच्या तिजोरीत होती म्हणे. अहो, आत तीस गाणी आहेत! नव्या मालकाने त्यातलं एक तरी ऐकलं असेल? छे, सुई टेकवली की भाव उतरतो.